अंदाजे साठ

आमच्या नगरपरिषदेनं गावाबाहेरचं भटक्या कुत्र्यांचं केंद्र एका संस्थेकडून काढून स्वतःच्या हातात घेतलं. गावात त्याची चर्चा दोन दिवसांच्या वर टिकली नाही. निवडणुकीचा हंगाम होता आणि कुत्र्यांना मत नसतं. जे बोलले ते दोन बाजूंनी बोलले. ‘आता तरी रस्ते मोकळे होतील’ म्हणणारे एका बाजूला, ‘सरकारी हातात गेली म्हणजे मेलीच बिचारी’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. माझा या प्रकरणाशी संबंध आला तो कागदोपत्री, आणि कागदातल्या एका शब्दामुळे तो अजून सुटलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’.

आधीच सांगून टाकते, मी प्राणिप्रेमी वगैरे नाही. आम्ही कोकणातले मुसलमान, शाफई मसलकचे. कुत्र्यानं भांड्यात तोंड घातलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं, हे मला अलिफ-बे आधी पाठ झालं होतं. आमच्या दारात कुत्रा बसला तर अम्मी त्याला हुसकायची नाही, पण उंबऱ्याच्या आतही येऊ द्यायची नाही. उरलेली भाकरी मात्र रोज मागच्या पडवीत पडायची. त्यात तिला काही विसंगती वाटायची नाही आणि मलाही वाटत नाही. अंतर ठेवणं वेगळं आणि दुष्टावा वेगळा. लहानपणी कुत्र्याची भीती होती ती चावण्याची कमी आणि त्यानंतरच्या पोटातल्या चौदा इंजेक्शनांची जास्त. आता ती पद्धत गेली, दंडात इंजेक्शनं देतात, पण माझ्या वयाच्या माणसांच्या पोटात अजून गोळा येतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या तिसरीच्या एका मुलाच्या पोटरीचा कुत्र्यानं लचका तोडला. मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत. मी त्याला नळाखाली बसवलं आणि साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली. तो किंचाळत होता, सोबतच्या बाई म्हणत होत्या, ‘अहो पुरे, आता हळद लावा.’ हळद, चुना, मिरची, काही लावायचं नसतं. वाहतं पाणी आणि साबण, मग दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्याआधीच सगळं करायचं असतं. दवाखान्यात लस होती, पण जखम खोल असेल तर लसीबरोबर जे दुसरं औषध जखमेत द्यावं लागतं ते नव्हतं. त्यासाठी पोराला घेऊन त्याचा बाप मोटारसायकलवरून पावसात जिल्ह्याच्या गावी गेला. पोरगा बरा आहे. सुट्टीत वर्गाबाहेर पडत नाही, एवढंच. म्हणून शाळेतली कुत्री उचला असं पालक म्हणाले तेव्हा मीही त्यांच्या बाजूनं होते. आजही आहे.

मग 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्याआधी ऑगस्टमध्ये दोन आदेश झाले होते. 11 तारखेला म्हटलं, दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात न्या. 22 तारखेला मोठ्या खंडपीठानं ते बदललं : नसबंदी करा, लस द्या, आणि जिथून उचललं तिथंच परत सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून. नोव्हेंबरच्या आदेशात मात्र शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्थानकं वेगळी काढली. इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लस करायची, निवाऱ्यात ठेवायची आणि त्या जागी परत सोडायची नाहीत. प्रत्येक आवाराला कुंपण हवं, प्रत्येक ठिकाणी एक नोडल अधिकारी हवा, आणि स्थानिक संस्थेनं तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी करायची.

आमच्या शाळेची नोडल अधिकारी मी. मतदारयादी झाली, निवडणुकीची ड्युटी झाली, आता कुत्री. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं होतं, श्वानमानसशास्त्राचा पेपर नव्हता. सर लोक दोन दिवस मला ‘नोडल मॅडम’ म्हणून हाक मारत होते.

फॉर्म आला, त्यात आवारातल्या कुत्र्यांची संख्या भरायची होती. मी दोन दिवस सकाळ-दुपार मोजली. पाच. तीन नर, दोन माद्या. त्यातल्या चारांच्या कानाला खाच होती, म्हणजे त्यांची नसबंदी आधीच झाली होती. पाच कुत्री आमच्याच शाळेत का, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भिंतीच्या एका बाजूला खिचडीची भांडी धुतात, दुसऱ्या बाजूला आमच्याच मोहल्ल्यातली तीन चिकनची दुकानं आहेत आणि संध्याकाळी त्यांची घाण गटारात पडते. जुम्म्याच्या बयानात सफाईला अर्धा ईमान म्हणायचं आणि दुकान बंद करताना पिशवी शाळेच्या भिंतीला लावायची. हे मी मस्जिदच्या कमिटीतल्या चुलत सासऱ्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘बेटा, कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही.’ तेही खरं. पण कुत्रा कुणाच्या बोलावण्यावरून आला हे खिचडीनं आणि आतड्यांनी ठरवलं होतं, हेही खरं.

नोव्हेंबरच्या अखेरीस गाडी आली. जाळी घेऊन चार माणसं. मुलांना वर्गात बसवून दारं लावून घेतली होती, तरी खिडक्यांवर डोकी होतीच. चार कुत्री पळापळ करून सापडली. पाचवा मोती. तो पिवळट, म्हातारा, एका डोळ्यानं अधू. तो पळाला नाही, शेपूट हलवत जाळीत शिरला. आठवीच्या मुलींनी रडून गोंधळ घातला. तिसरीतला तो मुलगा मात्र माझ्या साडीचा पदर धरून विचारत होता, ‘मॅडम, गाडीला कुलूप लावलं ना?’ दोघांचंही मला पटत होतं.

आता ते केंद्र कुठं आहे ते सांगते, कारण जागेलाही इतिहास आहे. तो आमच्या गावचा जुना कोंडवाडा. जांभ्या दगडाच्या चार भिंती, मधे पाण्याची डोण, फाटकाजवळ एक खोली. माझ्या आजोबांच्या वेळी भातात शिरलेलं गुरू तिथं जायचं. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे, त्यात कोंडवाड्याची रीत बारीकसारीक ठरवलेली होती. कोंडवाडा सुरुवातीला जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या अखत्यारीत, पण सरकारनं हे काम स्थानिक संस्थेकडे द्यावं अशी तरतूद त्याच कायद्यात होती. तसं ते पुढं ग्रामपंचायतींकडे, नगरपालिकांकडे आलं. म्हणजे कोंडलेल्या जनावराचा कारभार हे स्थानिक सरकारांच्या जुन्या कामांपैकी एक आहे, आज नवीन काही घडलेलं नाही. कोंडवाडेवाल्यानं वही ठेवायची, किती जनावरं आली, कुणी आणली, कधी सुटली. चारापाण्याचा दर ठरलेला. मालकानं दंड आणि चाऱ्याचे पैसे भरले की जनावर सुटलं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं, जाहीर करायचं, आणखी सात दिवस वाट बघायची, मग लिलाव.

कायद्यात चारा होता, कोंडवाड्यात असायचाच असं नाही. उर्दू-हिंदीत याला कांजी हाऊस म्हणतात आणि प्रेमचंदांची दोन बैलांची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना ते माहीत आहे. हिरा आणि मोती कांजी हाऊसमध्ये पोहोचतात तेव्हा आतली जनावरं मेल्यासारखी पडलेली असतात आणि कुणाच्याच पुढ्यात काडी नसते. मी ती गोष्ट दरवर्षी सांगते. आमच्या शाळेच्या मोतीचं नावही मुलांनी तिथूनच उचललं असणार, असा माझा संशय आहे. बैलाचं नाव कुत्र्याला दिलं, चालायचंच.

पण कोंडवाडा कितीही वाईट असला तरी त्यात एक गोष्ट गृहीत होती. जनावर तिथून जाणार. मालक सोडवेल नाहीतर लिलाव होईल, पण आठ-पंधरा दिवसांत जागा रिकामी होणार. नंतर त्याच आवारात कुत्र्यांचं केंद्र झालं तेव्हाही हेच गृहीत होतं. 2001 च्या नियमांपासून, आणि नंतर त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या नियमांतही, पद्धत हीच : कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, बरा झाला की त्याच्या जागी सोडायचा. त्यामागे हिशेब आहे. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, आणि लस घेतलेला कुत्रा आपल्या गल्लीत बसला की बिनलसीचा नवा तिथं सहज शिरत नाही. आमच्याकडे एक संस्था हे काम करायची. नगरपरिषद तिला शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम द्यायची. कुत्रा चार-सहा दिवस राहणार, त्याचं खाणं त्याच रकमेत. बिलं थकायची, संस्था कुरकुरायची, पण गाडं चालू होतं.

नोव्हेंबरनंतर तिथं अशी कुत्री यायला लागली जी परत जाणार नव्हती. शाळांची, दवाखान्याची, स्टँडवरची. पिंजरे भरले. संस्थेनं लेखी कळवलं की शस्त्रक्रियेच्या पैशात जन्मभराचं खाणं बसत नाही. प्रशासकांच्या सहीनं निर्णय झाला की करार संपवून केंद्र नगरपरिषदेनं स्वतः चालवावं. डिसेंबरमध्ये निवडणूक होऊन नवे नगरसेवक निवडून आले. निर्णय एकाचा, निभावणं दुसऱ्याचं.

यात संस्थेला शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. नगरपरिषदेनं केंद्र घेतलं हेही मला बरोबरच वाटतं. कोर्टानं सांगितलेलं काम सार्वजनिक आहे, ते देणगीच्या डब्यावर चालू नये. माझं म्हणणं पुढचं आहे.

ताबा देण्याघेण्याच्या दिवशी, 31 डिसेंबरला, मी तिथं होते. नोडल अधिकारी म्हणून शाळेच्या पाच कुत्र्यांची पोच हवी होती म्हणून गेले होते. ताबा पावती लिहिणं चालू होतं. लोखंडी पिंजरे इतके. पाण्याच्या टाक्या दोन. स्टीलचं शस्त्रक्रियेचं टेबल एक. फ्रीज एक, चालू स्थितीत. पंखे तीन, पैकी एक बंद. बादल्या, मग, खोरी, झाडू, सगळं मोजून. पंख्याचं बंद असणंसुद्धा नोंदलेलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : ‘कुत्री – अंदाजे 60’.

मी भाषा शिकवते, त्यामुळे शब्दाला अडखळणं हा धंद्याचा रोग आहे. मी विचारलं, ‘झाडू अंदाजे का नाही लिहिले?’ लेखनिक हसले. म्हणाले, ‘बाई, झाडू ऑडिटला लागतात.’ त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, त्यांनी खरंच कारण सांगितलं. जे ऑडिटला लागत नाही ते अंदाजे असतं. आणि जे अंदाजे असतं त्यातलं काही कमी झालं तर कमी झालंच नाही.

1 जानेवारीपासून संस्थेची माणसं यायची थांबली. नगरपरिषदेनं एक मुकादम आणि दोन सफाई कामगार तिथं लावले. खाण्याची निविदा निघायची होती. ती का निघाली नाही तर अंदाजपत्रकात ‘निर्बीजीकरण’ असं लेखाशीर्ष होतं, ‘कुत्र्यांचा आहार’ असं नव्हतं. एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर मंजुरी, मंजुरीसाठी सभा, सभेसाठी नवे पदाधिकारी. कुणीही मुद्दाम उपाशी ठेवलं नाही. नुसती तारीख पुढं जात होती.

ते दोन आठवडे मुकादमांनी काढले. पन्नाशीचा माणूस, निम्मं आयुष्य गटारं उपसण्यात गेलेलं, कुत्र्यांशी काही देणंघेणं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून तांदूळ आणला. मग हॉटेलांचा उरलेला भात. मग ते आमच्या मोहल्ल्यात आले आणि त्या तीन चिकनवाल्यांकडे बादल्या ठेवून गेले : पाय, मुंडकी, पंखांची टोकं यात टाका, आतडी नको. तिघांनीही दिलं, रोज. एकानं गॅसची जुनी शेगडीही दिली उकडायला. शाळेच्या भिंतीशी पडणारी घाण निम्म्यानं कमी झाली. जे माझ्या चुलत सासऱ्यांच्या कमिटीला जमलं नव्हतं ते दोन बादल्यांनी केलं. तरी रोज पुरायचं नाही. मुकादम मला म्हणाले, ‘बाई, जी ओरडत्यात त्यांची काळजी नाय. जी ओरडायची थांबली ना, त्यांच्याकडं बघवत नाय.’

आपल्या घरांत एका मांजरीची हदीस सगळ्यांना पाठ असते. बुखारी शरीफमध्ये आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली, ती मेली, आणि त्या बाईच्या वाट्याला आग आली. मक्तबमध्ये आम्हाला ती ‘जनावरावर दया करा’ म्हणून शिकवली जायची. यंदा मी ती नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की तिच्यावरचा आरोप नेमका आहे. खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. मोकळं मांजर उपाशी राहिलं असतं तर ते त्या बाईच्या खात्यावर नव्हतं. दार लावलं तिथून खातं सुरू झालं. कोंडणं नाजायज आहे असंही त्यात म्हटलेलं नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून बख्शीश मिळवणाऱ्या बाईची हदीसही सगळ्यांना माहीत असते, आणि सवाबाच्या गोष्टी आपल्याला सांगायला आवडतात. पण नगरपरिषदेला सवाब मिळवायचा नाही. तिच्या हातात फाटकाची चावी आहे. चावी अमानत असते, आणि तिच्याबरोबर मांजरवाल्या बाईचं खातंही येतं.

हे सगळीकडे असंच घडत आलं आहे. मुंबईत 1832 मध्ये इंग्रज सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायला लावली तेव्हा पारश्यांनी दंगा केला, बाजार बंद पाडला. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ झाली. ती चालली कारण पैसा व्यापाऱ्यांनी लावून दिला होता आणि तो येत राहिला. उलट बाजूला इस्तंबूल. आमच्या शिक्षकखोलीत तुर्की मालिकांचे भक्त बरेच, त्यांना तिथल्या मस्जिदींच्या पायऱ्यांवरची कुत्री-मांजरं फार आवडतात. 1910 मध्ये त्याच शहराच्या कारभाऱ्यांनी हजारो कुत्री पकडून मार्मरा समुद्रातल्या सिव्रीअदा या ओसाड बेटावर नेऊन टाकली. बेटावर ना अन्न, ना पाणी. तोही एक निवाराच म्हणायचा, चारही बाजूंनी भिंत फक्त पाण्याची. 2004 पासून तिथंही आपल्यासारखंच पकडा-लस द्या-सोडा चालू होतं. जुलै 2024 मध्ये कायदा बदलला आणि रस्त्यावरची कुत्री निवाऱ्यात नेणं पालिकांच्या अंगावर आलं. निवारे बांधायला 2028 अखेरपर्यंतची मुदत आहे. बांधायला मुदत देता येते. खाण्याला मुदत देता येत नाही, ते रोज दोनदा लागतं.

हे सरकारला कळत नाही असं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं तेव्हाच गोशाळांना गाईमागे रोज 50 रुपये द्यायचंही ठरवलं. त्या घोषणेवर माझी मतं आहेत, ती पुन्हा कधीतरी. पण ‘दर जनावर, दर दिवस’ हा हिशेब सरकारी कागदावर बसतो, एवढं त्यातून दिसलं.

मी तो हिशेब आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडला. एका कुत्र्याला रोज चाळीस रुपये धरू. साठ कुत्र्यांचे दिवसाला 2,400. वर्षाचे 8,76,000. मोती वगळता बहुतेक तरुण, दहा वर्षं जगतील. आणि दर तीन महिन्यांच्या तपासणीत नवी येत राहतील. एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, यापेक्षा भिंत स्वस्त.’ शाळेच्या कुंपणाबद्दल बोलत होता. आमच्या शाळेची मागची भिंत चार वर्षं पडलेली आहे.

मग अभ्यासक्रमातलं औपचारिक पत्रलेखन त्याच आठवड्यात घेतलं. एरवी विषय असतात ‘वाचनालयासाठी पुस्तकांची मागणी’ असले. आमच्या मुलांची घरची बोली एक, शाळेची भाषा उर्दू आणि कचेरीची भाषा मराठी. कचेरीला पत्र लिहिता येणं म्हणजे अर्धी नागरिकता, असं मी मानते. विषय दिला : ‘शाळेतून नेलेल्या पाच कुत्र्यांबाबत माहिती मिळणेबाबत’. सत्तावीस पत्रं आली. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मोती आपल्याकडे पाहुणा आहे की कैदी आहे? पाहुणा असेल तर आम्ही भेटायला येऊ. कैदी असेल तर शिक्षा किती वर्षांची आहे ते कळवावे ही विनंती.’ व्याकरण बरोबर होतं, मी काही बदललं नाही. तिसरीतल्या त्या मुलाच्या मोठ्या भावानंही लिहिलं होतं. त्याचं एकच वाक्य : ‘ती परत शाळेत सोडू नयेत, परंतु त्यांना जेवण द्यावे.’ अख्ख्या प्रकरणात इतकं सरळ वाक्य मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

पत्रं घेऊन मी स्वतः आवक विभागात गेले. लेखनिक म्हणाले, ‘बाई, सत्तावीस पत्रांना सत्तावीस आवक क्रमांक द्यायचे?’ म्हटलं, द्या. मुलांनी वहीत क्रमांक उतरवून घेतले. परीक्षेच्या बैठक क्रमांकासारखे जपून ठेवले आहेत.

तीन आठवड्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं एक पान आलं. आहाराचं स्वतंत्र लेखाशीर्ष मंजूर झालं आहे, ठेका दिला आहे, दिवसातून दोन वेळा अन्न दिलं जाईल, शनिवारी दहा ते बारा परवानगीनं भेट देता येईल. शेवटी लिहिलं होतं, केंद्रात सध्या 57 कुत्री आहेत. 57. ‘अंदाजे’ गेलं होतं. मला खरंच बरं वाटलं. मग त्याच्या शेजारी साठ लिहून वजाबाकी केली.

शनिवारी गेले. मुकादमांनी आता वही ठेवली आहे, आठवीच्या मुलांकडे असते तसली शंभर पानी. पिंजऱ्याचा क्रमांक, रंग, कान, खाल्लं की नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोती होता. डोळा जास्तच पांढरा झालाय, पण उठून फाटकापर्यंत आला. मी हात मागे घेतला, सवयीनं. आमच्या शाळेची आणखी तीन ओळखू आली. पाचवी, ती काळी, कानाला खाच नसलेली, सापडली नाही. मुकादमांच्या वहीत ती नव्हती. वही 9 जानेवारीला सुरू झालेली आहे.

मार्चमध्ये स्वच्छता निरीक्षक शाळेच्या तपासणीला आले. फॉर्म छापील. आवारात कुत्री आढळली का : नाही. कुंपण पूर्ण आहे का : नाही. अन्नकचऱ्याची विल्हेवाट : होते. खाली ‘शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा. मी लिहिलं, ‘शाळेतून नेलेल्या पाच कुत्र्यांपैकी चार केंद्रात आहेत. पाचव्या कुत्र्याचे काय झाले ते लेखी कळवावे.’

ते म्हणाले, ‘मॅडम, हा फॉर्म शाळेचा आहे. केंद्राचा नाही.’

‘मग केंद्राचा द्या, त्यात लिहिते.’

त्यांनी बॅग उघडून पाहिली. शाळांचे फॉर्म होते, दवाखान्याचा होता, एसटी स्टँडचा होता. केंद्राचा नव्हता. थोडा वेळ थांबून त्यांनी माझ्या शेऱ्याखाली सही केली आणि म्हणाले, याची एक झेरॉक्स मला द्या.